फिरत्या चकतीची फिरती

गाणं वाजलं आणि लॅपटॉपनं मान टाकली. गाणं होतं जॅनेट जॅक्सनचं ‘ऱ्हिदम नेशन’. मायक्रोसॉफ्टमधले जुने इंजिनिअर रेमंड चेन यांनी २०२२ मध्ये सांगितलेला हा किस्सा विंडोज एक्सपीच्या जमान्यातला. एका मोठ्या कंपनीच्या काही लॅपटॉपांवर या गाण्याचा व्हिडिओ लावला की यंत्र बंद पडायचं. त्याहून गंमत म्हणजे गाणं एकावर चालू असताना शेजारी नुसता ठेवलेला दुसरा लॅपटॉपही बंद पडायचा! गाण्यातली एक कंपनसंख्या आतल्या हार्ड डिस्कच्या नैसर्गिक कंपनाशी नेमकी जुळत होती. कंपनीनं शेवटी तेवढाच सूर गाळून टाकणारी सोय त्या लॅपटॉपांच्या आवाजात बसवली. पुढे संगणकातल्या सुरक्षा-त्रुटींच्या जागतिक यादीत या गाण्याची रीतसर नोंदही झाली.

हार्ड डिस्क आवाजाला भिते, याचे आणखी दाखले आहेत. ब्रेंडन ग्रेग या इंजिनिअरनं २००८ च्या सुमारास सर्व्हरच्या डिस्कवर तोंड नेऊन जोरात आरोळी ठोकली आणि डिस्कचं काम त्या क्षणी मंदावलेलं पडद्यावर दाखवलं. २०१६ मध्ये बुखारेस्टला आयएनजी बँकेच्या डेटा सेंटरमध्ये आग विझवण्याच्या यंत्रणेची चाचणी झाली. वायू इतक्या मोठ्या आवाजात सुटला की डझनावारी डिस्क निकामी झाल्या आणि बँकेचे व्यवहार काही तास ठप्प. आग लागलीच नव्हती.

पोर्टेबल हार्ड डिस्क घ्यायला लॅमिंग्टन रोडवर किंवा तापकीर गल्लीत गेलं की आपण टीबी विचारतो, रंग विचारतो, ‘काही कमी होईल का’ हेही विचारतो. आत एक यंत्र गरगरतंय, याची चौकशी मात्र कुणी करत नाही. निवड चुकते ती बहुतेक वेळा इथंच.

डेक्कन क्वीनच्या पुढे

लॅपटॉपला लावायच्या अडीच इंची डिस्कची चकती साधारणपणे मिनिटाला ५,४०० फेऱ्या मारते, म्हणजे सेकंदाला ९०. हिशेब केला तर चकतीच्या कडेवरचा बिंदू ताशी सुमारे ६६ किलोमीटरनं पळतोय. पुणे-मुंबई डेक्कन क्वीनची सरासरी साठीच्या घरातच आहे. या पळत्या चकतीवर वाचणारं-लिहिणारं हेड तरंगतं ते अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर. आपल्या केसाची जाडी हजारो नॅनोमीटरमध्ये मोजावी लागते, यावरून अंतराचा अंदाज करा.

अनेक छोट्या डिस्कांची चकती काचेची असते. कॅमेऱ्याचे फिल्टर आणि चष्म्याच्या काचा बनवणारी जपानची होया कंपनी या चकत्यांची काचही बनवते. जोरात पडलेली डिस्क हलवल्यावर आत खुळखुळ ऐकू आली, तर काय झालं असेल ते सांगायला नको.

खरेदी करणाऱ्यानं यातून घ्यायची गोष्ट एकच. डिस्क बंद असते तेव्हा हेड चकतीपासून दूर, आपल्या धक्क्यावर जाऊन बसतं, त्यामुळे बंद डिस्क चालू डिस्कपेक्षा कितीतरी जास्त हादरे सोसते. चालू डिस्क उचलून ‘जरा इकडे ठेवतो’ म्हणणं हा सगळ्यात महाग पडणारा चाळा आहे. मांडीवर लॅपटॉप, लॅपटॉपवर डिस्क आणि खाली धावती एसटी अशा उतरंडीत फायली कॉपी करू नयेत. बाहेरून जाड रबर असलेल्या डिस्क मिळतात. लॅसीची नारिंगी पट्ट्याची डिस्क, नील पोल्टन यांनी रेखलेली, चित्रीकरणाच्या सेटवर हमखास दिसते. पण ते रबर मुख्यत: बॅगेतल्या, बंद डिस्कच्या कामाचं.

बंद डिस्क किती सोसते याचा एक दाखला अंगावर काटा आणणारा आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान परतीच्या वाटेवर फुटलं आणि कल्पना चावलांसह सातही अंतराळवीर गेले. यानातल्या झेनॉन वायूच्या प्रयोगाची एक हार्ड डिस्क नंतर टेक्सासमधल्या एका कोरड्या तलावात सापडली. जळलेली, वितळलेली, ओळखू न येणारी. क्रोल ऑनट्रॅक या कंपनीच्या तंत्रज्ञांनी चकत्या धुऊन नव्या सांगाड्यात बसवल्या आणि सुमारे ९९ टक्के माहिती परत मिळवली. यान फुटलं तेव्हा ती चकती फिरत नव्हती, म्हणून तिच्यावर ओरखडे आले नाहीत. प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले.

आणि हो, डिस्कमधून टक्-टक् आवाज यायला लागला तर ताबडतोब केबल काढा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवण्याचा जो घरगुती इलाज सांगितला जातो, त्यानं चकतीवर दव धरण्यापलीकडे फारसं काही साधत नाही. आपल्या पावसाळ्यात तर नाहीच.

६९ जीबी कुणी खाल्ले?

कुणीच नाही. कंपनी १ टीबी म्हणजे १ वर १२ शून्यं इतके बाइट धरते. विंडोज तेच बाइट १,०२४ च्या पटीत मोजतं आणि ९३१ जीबी दाखवतं. २०११ मध्ये विकलेली असो की काल घेतलेली, आकडा तोच. हीच डिस्क मॅकला लावली तर १ टीबी भरते, कारण ॲपलनं २००९ पासून मोजणीची कंपन्यांची पद्धत धरली. हा गोंधळ मिटवायला १९९८ मध्ये गिबीबाइट, टेबीबाइट अशी वेगळी मापं ठरवली गेली. ती बोलताना कुणी वापरत नाही, नावं ऐकल्यावर त्याचं नवलही वाटत नाही. ५ टीबीच्या डिस्कवर हा फरक साडेतीनशे जीबीच्या आसपास जातो, तेव्हा मोठी डिस्क घेताना तो आधीच वजा धरावा.

जागेचं म्हणाल तर १९५६ ची आयबीएमची रेमॅक आठवा. पहिली विकाऊ हार्ड डिस्क. २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या, वजन टनाच्या घरात आणि साठवण ५० लाख अक्षरं. आजच्या मोबाइलचा एक चांगला फोटो तिच्यात मावला असता की नाही, शंकाच आहे. चकत्या एवढ्या आटल्या त्यात मोठा वाटा आल्बेर फर्ट आणि पेटर ग्रुनबर्ग यांनी १९८८ मध्ये स्वतंत्रपणे शोधलेल्या चुंबकीय परिणामाचा. २००७ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यासाठीच मिळालं. पदार्थविज्ञानाचं नोबेल दप्तरात घेऊन फिरायचं तर याहून स्वस्त वाट नाही.

दुकानात तीस डबे, कारखानदार तीनच

जगात हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या आता तीनच उरल्या आहेत : सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. डब्यावर नाव काहीही असो, आतली चकती या तिघींपैकी एकीची. म्हणून ‘कुठली कंपनी चांगली?’ या प्रश्नावर रात्र जागवण्यात अर्थ नाही. प्रत्येकाच्या ओळखीत एकीची डिस्क मेलेली असते आणि तो आयुष्यभर उरलेल्या दोघींचा प्रचार करतो.

सीगेटचे एक संस्थापक ॲलन शुगार्ट मात्र लक्षात ठेवावेत असे होते. या कंपनीनं १९८० मध्ये घरगुती संगणकात मावेल अशी सव्वापाच इंची, ५ एमबीची डिस्क आणली. १९९६ मध्ये शुगार्ट यांनी अमेरिकी काँग्रेसच्या निवडणुकीत आपल्या कुत्र्याला, अर्नेस्टला, उभं करायचा घाट घातला. बर्नीज माउंटन जातीचा हा उमेदवार मतपत्रिकेपर्यंत पोचला नाही. शुगार्ट यांनी त्यावर पुस्तक मात्र लिहिलं.

कारखाने थोडे असले की काय होतं, ते २०११ मध्ये दिसलं. थायलंडमध्ये महापूर आला, तिथले डिस्कचे आणि मोटरींचे कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर भाव भडकले. लोकांच्या फायलींचा साठा सांभाळणाऱ्या बॅकब्लेझ या अमेरिकी कंपनीला तेव्हा सुट्या डिस्क परवडेनात. बाजारात एक्स्टर्नल डिस्क मात्र आतल्या डिस्कपेक्षा स्वस्त मिळत होत्या. मग कर्मचारी, मित्रमंडळी कॉस्टकोच्या दुकानांत फिरून त्या गोळा करायला लागली. एका माणसाला मोजक्याच देणार म्हटल्यावर दुसरं दुकान गाठायचं. आणलेले डबे फोडायचे आणि आतल्या डिस्क सर्व्हरमध्ये लावायच्या.

हा उद्योग आपल्याकडे करू पाहणाऱ्यांना एक सूचना : काही पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचं पोर्ट थेट आतल्या पट्टीवरच डाखवलेलं असतं. डबा फोडला तरी ती लॅपटॉपमध्ये बसत नाही. पोर्ट तुटलं तर साधी दुरुस्तीही अवघड होते. घेताना पोर्टमध्ये केबल घट्ट बसते ना, एवढं तरी पाहावं.

वडोदऱ्याची पिन

यूएसबी ज्यांच्या डोक्यातून निघालं त्या इंटेलच्या चमूचे म्होरके अजय भट्ट मूळचे गुजरातचे, वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून पदवी घेतलेले. गायकवाडांच्या नावाचा हा धागा मराठी माणसानं अभिमानानं मिरवायला हरकत नाही. इंटेलनं २००९ मध्ये भट्ट यांना रॉकस्टारसारखं दाखवणारी जाहिरात काढली आणि त्यात त्यांच्या भूमिकेत चक्क एक नट होता.

१९९६ मध्ये आलेल्या या पिनेचं पुढे नामकरण इतक्या वेळा झालं की भटजी दमले असते. यूएसबी ३.०, नंतर तेच ३.१ जेन १, आणि नंतर तेच ३.२ जेन १. वेग तिन्हीचा एकच : सेकंदाला ५ गिगाबिट. फिरत्या चकतीची डिस्क फार तर सेकंदाला १२०-१४० एमबी देते, आणि हे ५ गिगाबिट त्याच्या तिप्पट-चौपट वाहून नेऊ शकतात. तेव्हा साध्या हार्ड डिस्कसाठी ‘१० गिगाबिट, सुपर वेग’ म्हणून जास्त पैसे मागितले तर हसून पुढच्या दुकानात जावं. एसएसडी, म्हणजे चकतीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क, घेत असाल तर मात्र हा आकडा मन लावून वाचा.

समजा लग्नाचं चित्रीकरण १०० जीबी आहे. जुन्या यूएसबी २.० पोर्टातून ते उतरायला पाऊण तास. तीच हार्ड डिस्क निळ्या, यूएसबी ३.० च्या पोर्टाला लावली तर पंधरा मिनिटांच्या आत. सेकंदाला १,००० एमबीची एसएसडी आणि तसंच पोर्ट असेल तर दोन मिनिटांच्या आत, चहा गाळेपर्यंत. हा हिशेब मोठ्या फायलींचा. हजारो बारके फोटो किंवा वर्ड फायली असतील तर हार्ड डिस्कचं हेड या टोकाकडून त्या टोकाकडे पळत राहतं आणि वेग पार घसरतो. एसएसडीत पळायला कुणी नाही, तिथं ती खरी पैसे वसूल करते.

पोर्टेबल डिस्कवर अजूनही दिसणारी ती रुंद, मधोमध खाच असलेली पिन सध्याच्या मोबाइलच्या चार्जरला बसत नाही, आणि हरवली की ऐन वेळी कुणाकडे मिळत नाही. टाइप-सी असलेलं मॉडेल मिळत असेल तर डोळे झाकून ते घ्या. ‘डिस्क गेली’ म्हणून रडत आलेल्यांपैकी कितीतरी जणांची फक्त केबल गेलेली असते. दुसरी केबल लावून बघण्याआधी कुठल्याही दुकानदाराला डेटा-रिकव्हरीचे पैसे देऊ नयेत.

साडेतीन इंची, वेगळा ॲडॉप्टर लागणारी डिस्क ‘एक्स्टर्नल’ असली तरी पोर्टेबल नाही. ती टेबलावर बसणारी वस्तू. स्वस्त आणि ऐसपैस असते, पण वीज गेली की तीही गेली.

कौलारू डिस्क

हे कलम जरा तांत्रिक आहे, पण डब्यावर जवळजवळ कधीच छापलेलं नसतं म्हणून सांगायलाच हवं. कमी जागेत जास्त माहिती कोंबायला चकतीवरच्या ओळी एकमेकींवर थोड्या चढवतात, घरावर कौलं रचतात तशा. या पद्धतीचं नावही त्यावरूनच पडलंय. नवं लिहायचं असेल तोवर ठीक. जुन्यातली एक ओळ बदलायची तर तिच्यावर चढलेल्या पुढच्या ओळीही उचलून पुन्हा बसवाव्या लागतात. डिस्क हे काम निवांत वेळी आतल्या आत उरकते, पण एकदम शेकडो जीबी ओतायला लागलात की सुरुवातीला झपाझप पळणारा आकडा मधेच बसकण मारतो.

२०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलनं घरगुती सर्व्हरसाठीच्या काही ‘रेड’ डिस्क अशा कौलारू पद्धतीच्या दिल्या आणि ते सांगितलं नाही, हे उघडकीला आल्यावर मोठा गदारोळ झाला. मग कंपनीनं कुठलं मॉडेल कुठल्या पद्धतीचं, याची यादी प्रसिद्ध केली.

मोठ्या आकाराच्या अडीच इंची पोर्टेबल डिस्क बहुतेक कौलारूच असतात. त्यात फसवणूक नाही. फोटो भरा, कपाटात ठेवा, या कामाला त्या उत्तम. त्यांच्यावरच व्हिडिओ एडिटिंग करायला बसलात तर मात्र दोष तुमचा.

लडाखची बुलेट आणि कृष्णविवर

साध्या हार्ड डिस्कच्या अंगावर एक बारीक भोक असतं आणि शेजारी ‘हे झाकू नका’ अशी सूचना. आतलं हेड हवेच्या पातळ थरावर तरंगतं, म्हणून आतला-बाहेरचा दाब सारखा राहावा लागतो. हवा विरळ झाली की हेड खाली यायला लागतं. चालू डिस्कसाठी कंपन्या सांगतात ती मर्यादा साधारण ३,००० मीटरची. कळसूबाईला (१,६४६ मीटर) धोका नाही. लेह मात्र साडेतीन हजार मीटरवर आहे. दिवसभर बुलेट हाणून रात्री हॉटेलात फोटो डिस्कवर उतरवणाऱ्यांनी एसएसडीच न्यावी. विमानाची काळजी नको, केबिनमधला दाब मर्यादेत राखलेला असतो.

हीच अडचण कृष्णविवराचा पहिला फोटो काढणाऱ्यांनाही आली होती. इव्हेंट होरायझन टेलिस्कोपच्या दुर्बिणी मुद्दाम उंच डोंगरांवर. चिलीतली आल्मा तर ५,००० मीटरवर. तिथं साध्या डिस्क तग धरेनात, म्हणून हेलियम भरून बंद केलेल्या डिस्क वापरल्या. २०१७ च्या एप्रिलमधल्या निरीक्षणांची माहिती जमली सुमारे ५ पेटाबाइट, म्हणजे अर्धा टन हार्ड डिस्क! एवढं इंटरनेटवरून पाठवणं अशक्य, म्हणून डिस्क विमानानं अमेरिकेत आणि जर्मनीत नेल्या. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्क हिवाळ्यात विमानंच नसल्यामुळे महिनोन्‌महिने तिथंच अडकल्या. फोटो जगानं पाहिला १० एप्रिल २०१९ ला.

तुमचा २ टीबीचा साठा गूगलवर चढवायला किती दिवस लागतील याचा हिशेब करून हताश झाला असाल, तर खगोलशास्त्रज्ञही कुरिअरच करतात.

एका सकाळी ठरलेली मर्यादा

मॅकवाल्या मित्राला डिस्क दिली, तो म्हणाला, ‘दिसतंय सगळं, पण त्यात टाकता येत नाही.’ डिस्क एनटीएफएस पद्धतीनं फॉरमॅट केलेली असते आणि मॅक ती नुसती वाचतो. दोन्हीकडे चालवायची तर एक्सफॅट. फक्त विंडोजवर चालवायची तर एनटीएफएसच बरी, कारण मधेच केबल उपटली तर ती जास्त समजूतदारपणे सावरते. जुना टीव्ही किंवा गाडीतला म्युझिक सिस्टिम फॅट३२ मागतो, आणि त्यात ४ जीबीच्या वरची एकही फाइल बसत नाही.

विंडोजमधली फॉरमॅटची ती करडी चौकट डेव्ह प्लमर या इंजिनिअरनं १९९४ च्या अखेरीस ‘तूर्त चालेल’ म्हणून एका सकाळी बनवली. फॅट३२ साठी ३२ जीबीची मर्यादाही त्यानंच तेव्हा ठरवून टाकली. पुढली जवळजवळ तीस वर्षं दोन्ही तशाच राहिल्या. सरकारी कचेरीतल्या तात्पुरत्या शेडसारखं आयुष्य लाभलं.

दोन हजारांत १६ टीबी

नाही. एवढंच उत्तर पुरे, तरी गंमत म्हणून ऐका. २०११ मध्ये चीनमधून घेतलेली ५०० जीबीची एक ‘सॅमसंग’ डिस्क रशियातल्या दुरुस्तीच्या दुकानात उघडली, तर आत १२८ एमबीची चिप आणि वजन यावं म्हणून चिकटवलेले दोन मोठे नट निघाले. सिनेमा भरला की पूर्ण भरल्याचं दिसायचं आणि चालवला की फक्त शेवटची काही मिनिटं. आजच्या बनावट एसएसडीतही साधं मेमरी कार्ड असतं आणि चिपला खोटा आकार सांगायला शिकवलेलं असतं. कार्ड भरलं की नवं जुन्यावर चढत जातं आणि नावं मात्र सगळी दिसत राहतात. जर्मनीच्या ‘सीटी’ मासिकाचं ‘एच२टेस्टडब्ल्यू’ हे फुकट साधन डिस्क काठोकाठ भरून, परत वाचून खरंखोटं करतं. नवी डिस्क आणली की परत करण्याची मुदत संपायच्या आत ते एकदा चालवावं, अस्सल दुकानातून आणली असली तरी.

काउंटरपाशी

फोटो, लेक्चरं, हिशेब साठवायचे आणि डिस्क घरीच राहणार : हार्ड डिस्क. रोज बॅगेत, रोज काम : एसएसडी, आकार छोटा घ्यावा लागला तरी. डिस्क बाहेर नेणार असाल तर पासवर्ड हवाच. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकरनं कुलूप लावता येतं, आणि होम आवृत्तीवर ते पासवर्डनं उघडताही येतं. वॉरंटी कार्डावर ‘३ वर्षं’ लिहिलेली असतात ती डिस्कची. आतल्या बारशाच्या व्हिडिओची कुठलीच कंपनी हमी देत नाही.

आणि एक ५ टीबीची घेण्यापेक्षा दोन छोट्या घ्या, शक्यतो वेगळ्या कंपन्यांच्या. १९९८ मध्ये पिक्सारमध्ये कुणीतरी एक चुकीची आज्ञा दिली आणि ‘टॉय स्टोरी २’ च्या फायली डोळ्यांदेखत पुसल्या जाऊ लागल्या. बॅकअप काढला तर तो नीट झालेलाच नव्हता. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन यांच्यामुळे. बाळंतपणानंतर त्या घरून काम करत होत्या आणि त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. तो संगणक पांघरुणात गुंडाळून, गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून ऑफिसात आणला.

दुसरी डिस्क म्हणूनच दुसऱ्या घरात हवी. एकाच कपाटातल्या दोन डिस्क चोराला एकाच फेरीत मिळतात. पुण्यातल्या घरची एक डिस्क कोल्हापूरला मावशीकडे ठेवावी आणि गणपतीत, दिवाळीत गेलं की अदलाबदल करावी. मावशीच्या नातवाचे मुंजीचे व्हिडिओही त्यात शिरणार हे गृहीतच धरा, तेव्हा २ टीबी पुरेल असं वाटलं तर ४ घ्या.